समिट काउंटीचं एक पान: कोलोरॅडोच्या रिअल्टर संघटनेचा मासिक अहवाल कसा आहे

कोलोरॅडो असोसिएशन ऑफ रिअल्टर्स ही इथल्या घरविक्री एजंटांची राज्यस्तरीय संघटना. राज्यातल्या काउंट्यांचा, म्हणजे जिल्ह्यांचा, विक्रीचा हिशेब ती दर महिन्याला एकेका पानाच्या पीडीएफमध्ये मांडते. त्या पानाचं नाव ‘लोकल मार्केट अपडेट’. मी यातलं समिट काउंटीचं पान नेमानं वाचते आणि डोंगरात काँडो, म्हणजे इमारतीतला मालकीचा फ्लॅट, घ्यायचा विचार करणाऱ्या ओळखीतल्या प्रत्येकाला ते वाचायला लावते. पैसे पडत नाहीत. पान साधं आहे, पण वाचायचं कसं हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना ही जागा माहीत नाही त्यांच्यासाठी: डेन्व्हरहून आय-सेव्हंटी महामार्गानं पश्चिमेला निघालं की ११ हजार फुटांवरचा आयझेनहॉवर बोगदा लागतो आणि बोगद्यापलीकडे समिट काउंटी सुरू होते. ब्रेकनरिज, कीस्टोन, कॉपर माउंटन आणि अरापाहो बेसिन ही चार स्कीची ठिकाणं, मधे डिलनचं धरण, त्याच्या काठानं फ्रिस्को, डिलन, सिल्व्हरथॉर्न. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ३१ हजारांच्या आसपास भरली. घरं मात्र त्या मानानं कितीतरी जास्त, कारण बहुतेक घरं बाहेरच्यांची, सुट्टीपुरती उघडणारी. नवीन बांधायला जागा कमी, कारण काउंटीचा बहुतांश भाग सरकारी जंगलाचा. एवढ्याशा बाजारात आपल्यासारख्या नोकरदारांचे चार-पाच लाख डॉलर एका सहीत अडकतात. म्हणूनच इथले आकडे नीट वाचले जावेत असं मला मनापासून वाटतं.

पानाची मांडणी अशी. वर दोन तक्ते, एक स्वतंत्र घरांचा, एक टाउनहाउस (एकमेकांना लागून असलेली घरं) आणि काँडोंचा. प्रत्येकात डावीकडे चालू महिना आणि गेल्या वर्षीचा तोच महिना, शेजारी टक्क्यातला फरक. उजवीकडे जानेवारीपासून आजवरची बेरीज, गेल्या वर्षीची तेवढ्याच काळाची बेरीज, आणि परत टक्का. ओळी ठरलेल्या: बाजारात नवीन आलेली घरं, विकली गेलेली घरं, मध्यक किंमत (किमती चढत्या क्रमानं लावल्या की बरोबर मधली येते ती), सरासरी किंमत, मागितलेल्या किमतीच्या किती टक्के हातात पडले, विक्रीला किती दिवस लागले, शिल्लक किती घरं, आणि सध्याच्या वेगानं ती संपायला किती महिने. खाली दोन आलेख. प्रत्येकात समिट काउंटीची रेघ आणि अख्ख्या राज्याची रेघ, मागच्या १२ महिन्यांची मिळून काढलेली मध्यक किंमत. आणि तक्त्याखाली बारीक अक्षरात एक तळटीप: नमुना लहान असल्यामुळे एका महिन्याचे आकडे कधीकधी टोकाचे दिसू शकतात.

ही तळटीप मला या पानावरची सगळ्यात प्रामाणिक ओळ वाटते. आकडे काढणाऱ्यानं स्वतःच सांगितलंय की या डाव्या बाजूच्या टक्क्यावर विसंबू नका. आणि नेमकी हीच ओळ पुढच्या प्रवासात गळून पडते. माझ्या धाकट्या दिरानं मध्ये व्हॉट्सअॅपवर एका एजंटाच्या पत्रकाचा फोटो पाठवला. वर बर्फाचा डोंगर, खाली जाड टाइपात काँडोंच्या किमतींतल्या वाढीचा टक्का, आणि त्याखाली ‘आत्ता नाही तर कधी’ अशा अर्थाचं वाक्य. टक्का खराच होता, याच पानावरून उचललेला. तळटीप मात्र कापलेली.

"वहिनी, वर्षभरात एवढं वाढलंय, आपण उगाच थांबलोय," तो म्हणाला.

"अरे, त्या महिन्यात विकले किती गेले ते आधी बघ," मी म्हटलं आणि त्याला मूळ पान पाठवलं.

किती विकले गेले हे आधी का बघायचं, ते एका बनवलेल्या उदाहरणावरून सांगते. समजा गेल्या मे महिन्यात एका भागात पाच काँडो विकले गेले: ४.२, ५.१, ६, ८.५ आणि ११ लाख डॉलरना. मधली किंमत ६ लाख, हाच मध्यक. यंदाच्या मे महिन्यात तशाच चार काँडोंना थोडे कमीच पैसे आले: ४, ५, ८.२ आणि १०.५ लाख. सहा लाखांवाला यंदा कुणी विकायला काढला नाही, त्याऐवजी स्की-लिफ्टच्या पायथ्याचा एक १०.८ लाखांना गेला. आता मध्यक झाला ८.२ लाख, म्हणजे जवळजवळ ३७ टक्के वाढ. सरासरी काढली तर ६.९६ वरून ७.७ लाख, साडेदहा टक्क्यांच्या वर. तुलना करता येण्यासारखा प्रत्येक काँडो स्वस्त झालाय आणि तक्ता मात्र वाढ दाखवतोय. पाच मुलांच्या वर्गात एक मुलगा बदलून गेला की वर्गाचा निकाल बदलतो, बाकीच्या चौघांनी अभ्यास केलेला असो वा नसो. समिट काउंटीत स्वतंत्र घरं महिन्याला काही डझनच विकली जातात, आणि ऐन हिवाळ्यात त्याहून कमी. त्यात ब्रेकनरिजच्या दोन मोठ्या बंगल्यांची खरेदीखतं एकाच महिन्यात झाली की सरासरी उसळी मारते.

म्हणून मी पान उजवीकडून वाचते. आधी जानेवारीपासूनची विक्रीची संख्या. मग शिल्लक घरं आणि ती संपायला लागणारे महिने. मग मागितलेल्या किमतीच्या किती टक्के मिळाले. मग खालचा १२ महिन्यांचा आलेख. डाव्या बाजूचा महिन्याचा टक्का सगळ्यात शेवटी, वेळ असेल तर. शिल्लक वाढतेय, दिवस वाढताहेत आणि विकणारे मागितलेल्या रकमेवरून खाली येताहेत, असं सलग चार-सहा महिने दिसलं तर घासाघीस करायला जागा आहे. त्यासाठी मध्यक किमतीकडे बघावंच लागत नाही.

‘गेल्या वर्षीच्या मानानं’ या शब्दांत आणखी एक गोची असते, ती म्हणजे गेलं वर्ष कसं होतं. समिट काउंटीत हे फार स्पष्ट दिसतं. १४ मार्च २०२० ला राज्यपालांनी कोविडमुळे कोलोरॅडोतली स्की-ठिकाणं बंद करायला लावली. त्या वसंतात तिथे हॉटेलंही बंद, घर बघायला जाणंही अवघड, खरेदी-विक्री पार आटली. मग उन्हाळ्यापासून सगळं उलट झालं. घरून काम करणारे, शहरातून बाहेर पडू बघणारे, सगळे डोंगराकडे वळले. व्याजदरही खाली आलेले. गृहकर्जं विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या संस्थेच्या पाहणीत ३० वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता. आता एप्रिल-मे २०२१ ची तुलना एप्रिल-मे २०२० शी केली की विक्रीच्या संख्येत अफाट वाढ दिसणारच, कारण तुलना बंद बाजाराशी आहे. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये तेच उलटं झालं. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी तोच दर ७.७९ टक्क्यांवर पोचला, विक्रीची संख्या घसरली, आणि प्रत्येक महिन्याची तुलना उधाणाच्या वर्षाशी होत राहिली. त्या काळात घट दाखवणारे आकडे पाहून बाजार कोसळला म्हणणारे मला भेटलेत. किमती त्या प्रमाणात खाली आल्या नव्हत्या. कमी दरानं कर्ज घेतलेल्या मालकांना विकायची घाई नव्हती आणि इथले बरेच खरेदीदार रोखीनं घेणारे. त्यामुळे विक्रीची संख्या आणि किंमत या ओळी वेगवेगळ्या वाचाव्या लागतात. मला विचाराल तर २०१९ चं पान शेजारी उघडून ठेवावं. वेड लागण्याआधीचं ते शेवटचं सरळ वर्ष.

टक्क्यांचं गणितही लक्षात ठेवा. १०० घरांवरून विक्री ५० वर आली तर ५० टक्के घट. पुढच्या वर्षी ७५ झाली तर ५० टक्के वाढ. पत्रकावर फक्त दुसरी ओळ येते.

ऋतूंचा हिशेबही वेगळा आहे. बर्फ वितळून चिखल होतो त्या एप्रिल-मेच्या दिवसांनंतर विक्रीच्या पाट्या लागतात, उन्हाळ्यात लोक बघून जातात, आणि व्यवहार पूर्ण होतात ते ऑगस्टपासून शरदापर्यंत. करार आणि खरेदीखत यांत साधारण महिना-दीड महिना जातो. म्हणजे सप्टेंबरच्या पानावरची किंमत जुलै-ऑगस्टमध्ये ठरलेली असते. नव्या इमारतींत तर दोन-दोन वर्षं आधी ठरलेल्या भावाची खतं इमारत पूर्ण झाल्यावर एकदम होतात.

आता पान कुठे कमी पडतं ते. यातले आकडे एमएलएसमधून, म्हणजे एजंटांच्या सामायिक यादीतून येतात. बिल्डरनं थेट विकलेलं किंवा ओळखीत परस्पर झालेलं यात धरलेलं नसतं. दुसरं, पूर्ण काउंटी एकच धरलेली. ब्रेकनरिजच्या मुख्य रस्त्यालगतचा टाउनहाउस, सिल्व्हरथॉर्नजवळच्या वाइल्डरनेस्ट वस्तीतला जुना काँडो आणि उत्तरेला हीनी गावाकडचं घर यांच्या किमतींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण तक्त्यात सगळे एकत्र. तिसरं, खोल्या किंवा चौरस फूट यांनुसार फोड नाही. एका बेडरूमचे काँडो एका वर्षी जास्त विकले गेले की मध्यक आपोआप उतरतो.

ही उणीव भरून काढायला दोन जागा आहेत. इथल्या काही टायटल कंपन्या, म्हणजे खरेदीच्या वेळी मालकी हक्क तपासून त्याची हमी देणाऱ्या कंपन्या, काउंटीच्या कार्यालयात नोंदलेल्या खतांवरून स्वतःचे मासिक अहवाल काढतात. त्यांत गावनिहाय, वस्तीनिहाय फोड असते, आणि खरेदीदार स्थानिक, डेन्व्हरकडचा की परराज्यातला हेही दिलेलं असतं. ते पान मला फार आवडतं, कारण बाजार कुणाच्या पैशावर चाललाय ते त्यात कळतं. तेही मागावं, बहुतेक वेळा फुकट मिळतं.

दुसरी जागा म्हणजे खुद्द काउंटीचं दप्तर. कोलोरॅडोत खतावर दर १०० डॉलरला एक सेंट एवढं नोंदणीचं शुल्क लागतं, त्याला डॉक्युमेंटरी फी म्हणतात, आणि त्या रकमेचा शिक्का खताच्या पहिल्या पानावर असतो. ८५ डॉलर दिसले की त्यापुढे चार शून्यं लावा: साडेआठ लाख डॉलर. महाराष्ट्रात सूची क्रमांक २ मध्ये मोबदला बघायची सवय असलेल्या माणसाला हे लगेच जमतं. काउंटीच्या असेसरच्या, म्हणजे करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर पत्ता टाकला तर घराच्या विक्रीचा इतिहास दिसतो. ज्या इमारतीत काँडो घ्यायचाय त्याच इमारतीतले मागच्या तीन-चार वर्षांतले व्यवहार कागदावर लिहून काढायला एक संध्याकाळ पुरते, आणि ती यादी कुठल्याही मध्यकापेक्षा खरं बोलते. शेजारच्या युटा आणि वायोमिंगमध्ये ही सोय नाही, तिथे विक्रीची किंमत जाहीर करायचं बंधन नाही. शोधताना जपा मात्र: पार्क सिटी ज्या काउंटीत आहे तिचंही नाव समिटच, पण ती युटातली. ओहायोतही एक आहे, अॅक्रन शहराची.

असेसरनं लावलेल्या किमतीला बाजारभाव समजू नका. कोलोरॅडोत फेरमूल्यांकन विषम वर्षी होतं आणि त्यासाठी आदल्या वर्षीची ३० जून ही तारीख धरतात. २०२३ च्या नोटिसांतला भाव ३० जून २०२२ चा होता, म्हणजे ऐन तेजीतला. त्या वर्षी डोंगरातल्या मालमत्तावाल्यांना नोटीस उघडून घाम फुटला होता.

मासिक पानावर जे येतच नाही तेही सांगायला हवं, कारण काँडो घेणाऱ्याचा खरा खर्च तिथे आहे. ब्रेकनरिज गावात खरेदीवर एक टक्का हस्तांतरण कर आहे. १९९२ च्या टेबर या करांवर लगाम घालणाऱ्या राज्याच्या घटनादुरुस्तीनं असे नवे कर लावायला बंदी केली, पण आधीचे राहिले. सुट्टीतल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायचा बेत असेल तर तो परवाना जागेबरोबर येत नाही, नव्या मालकाला स्वतः मिळवावा लागतो, आणि ब्रेकनरिजनं २०२१ मध्ये या परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. विकणारा गेल्या वर्षीची भाड्याची कमाई दाखवतो तेव्हा आधी त्या पत्त्यावर परवाना मिळेल का हे विचारा. भाव पाडण्याचं किंवा चढवण्याचं काम हे एक उत्तर करतं.

आणि सोसायटी, म्हणजे एचओए. वणव्यांमुळे कोलोरॅडोत विम्याचे हप्ते चढलेत. २०१८ च्या जूनमध्ये बफेलो माउंटनचा वणवा वाइल्डरनेस्टच्या घरांपर्यंत आला होता. आधी तोडून ठेवलेल्या मोकळ्या पट्ट्यांनी आणि विमानांनी ती वस्ती वाचवली. डिसेंबर २०२१ मध्ये बोल्डरकडच्या मार्शल वणव्यात हजारावर घरं गेली आणि त्यानंतर विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला. सोसायटीचा विमा वाढला की मासिक वर्गणी वाढते, छप्पर बदलायचं झालं की वेगळी वर्गणी काढतात. मध्यक किंमत जागेवर राहूनही काँडो बाळगणं महाग होत जातं. मासिक पानाच्या तळटिपेत असंही म्हटलंय की विकणाऱ्यानं दिलेल्या सवलती किमतीत धरलेल्या नाहीत. म्हणजे विकणाऱ्यानं खर्चापोटी १५ हजार डॉलर परत केले तरी तक्त्यात पूर्ण रक्कमच दिसणार.

शेवटचा एक मुद्दा, जो मला टोचतो. हे आकडे तिथे राहणाऱ्या ज्या लोकांना सगळ्यात जास्त लागू होतात, ते बस चालवणारे, शिक्षक, लिफ्टवर काम करणारे, यांना हा मध्यक परवडण्यासारखा राहिलेलाच नाही. म्हणून काउंटी आणि गावं मिळून स्थानिक नोकरदारांसाठी अटी घातलेली घरं बांधतात, आणि ब्रेकनरिजसारखं गाव मालकांना पैसे देऊन घरावर तशी अट नोंदवून घेतं. अशा घरांची विक्री ठरवून दिलेल्या भावात होते. टायटल कंपनीच्या अहवालात ती वेगळी काढलेली आहेत का हे बघा, नाहीतर एखादा प्रकल्प पूर्ण झाला की भाव उतरल्याचा भास होतो.

पाचपैकी चार गुण देते. एक गुण कापला तो गावनिहाय फोड नसल्याबद्दल. संघटनेकडे ती माहिती असणारच. काउंटीच्या पानाला निदान ब्रेकनरिज आणि उरलेला भाग अशी एक रेघ मारली तरी वाचणाऱ्याची अर्धी दिशाभूल टळेल. आणि तळटीप बारीक अक्षरातून काढून तक्त्याच्या वर, टक्क्यांच्या शेजारी छापावी, म्हणजे कापणाऱ्याला टक्क्यासकट कापावी लागेल.

दिरानं अजून काही घेतलेलं नाही. कीस्टोनमधल्या दोन इमारतींची खतं त्यानं आणि जावेनं मिळून काढली, एका सोसायटीकडे विम्याची पॉलिसी आणि मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागितली आहेत. ती आली की आम्ही तिघं एकत्र बसणार आहोत.